आयडी ज्याचा त्याचा

"आधी आडनाव की आधी विभाग?" हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाचा वेगळा आयडी कसा लिहायचा, यावर बैठकांमागून बैठका घेऊन डॉक्टरमंडळींनी कॉम्प्युटरवाल्याच्या डोक्याचा पार भुगा केला. एकदाचं आडनाव ठरलं आणि बिचाऱ्याने वॉर्डावॉर्डांत फिरून आयडी वाटले.

महिन्याभरातच मोठ्या सिस्टर पाय मोडून स्वतःच्याच वॉर्डात दाखल झाल्या. आज त्यांच्या अंगभर गांधी उठल्या.

"ॲलर्जी असताना हे इंजेक्शन दिलं कुणी?" डॉक्टर कडाडले.

"एवढ्यासाठीच तर जिवाचं रान केलं! आता कुणालाच हात झटकता येणार नाहीत," म्हणत कॉम्प्युटरवाल्याने ऐटीत स्क्रीन फिरवला. इंजेक्शन देणाऱ्याच्या जागी मोठ्या सिस्टरचंच आडनाव!

 

"अहो, आम्ही सगळ्या त्यांच्याच आयडीवर काम करतो," एक नर्स पुटपुटली, "आपापला कोण पाठ करत बसणार?"