उसनं दुखणं

"कुठंच दुखत नाही, मॅडम," तेजल रेटून खोटं बोलली. खो-खोची अंतिम फेरी पाच मिनिटांवर आली होती.

कॉलेजच्या फिजिओथेरपिस्ट म्हसकर मॅडमनी वाद घातला नाही. एक पट्टी तिच्या गुडघ्याला बांधली, दुसरी स्वतःच्या, आणि बटण दाबलं. तेजलचं दुखणं जसंच्या तसं त्यांच्या गुडघ्यात उतरलं. त्यांनी फक्त ओठ घट्ट मिटले.

"हे घेऊन सूर मारणार होतीस?"

"शेवटचं वर्ष आहे हो माझं!"

"माझंही होतं." मॅडमनी पट्ट्या सोडून पेटीत ठेवल्या आणि बदली खेळाडू उतरवा असं सांगायला त्या लंगडत निघाल्या.

त्यांचं लंगडणं रोज कुणा ना कुणा खेळाडूचं असतं, असंच तेजल तीन वर्षं समजत आली होती. आता पट्ट्या तर पेटीत होत्या, म्हणजे उसनं दुखणंही सुटलं होतं.

तिनं बुटांच्या नाड्या सोडल्या.