सिस्टरचा अंदाज

अतिदक्षता विभागातल्या मोठ्या सिस्टरचा अंदाज सहसा चुकत नसे. गंभीर जखमी रुग्णांपैकी कोणाच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवावी लागेल, हे ती पहिल्याच दिवशी सांगायची. एकदा परांचीवरून पडलेल्या तिच्याच थोरल्या भावाला आणलं. गळ्याला छिद्र आताच पाडावं की थांबावं, डॉक्टरांचं ठरेना. "काय वाटतं, सिस्टर?" त्यांनी विचारलं. वहिनी दाराशी हात जोडून उभी होती. "तोंडातल्या नळीवर निभावेल. थांबू या," सिस्टर म्हणाली. डॉक्टर थांबले. तोंडातली नळी लांबल्याने आठव्या दिवशी फुप्फुसांत पू झाला, ताप उतरेना. घाईघाईने गळ्याला छिद्र पाडलं, तेव्हा ट्रे तिनेच धरला. दोन दिवसांनी भाऊ गेला. डॉक्टर हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. अंदाज कोणाचाही चुकतो." तिने भावाच्या पायावरची चादर सारखी केली. "चुकला नव्हता, सर. दादाला पाहताक्षणीच कळलं होतं मला. पण वहिनीसमोर जीभच रेटली नाही."