शेऱ्याचा रकाना

"वही बंद म्हणजे बंद, काका," इंजिनिअर बाई म्हणाल्या आणि पंपहाऊसच्या टेबलावर चकचकीत टॅब ठेवला. "टाकीची पातळी, पंपाचा दाब, सगळं यात आपोआप येतं."

दुपारच्या शिफ्टच्या पंपचालकाने नोंदवही छातीशी धरली. "आणि शेरा?"

"कसला शेरा?"

"शेवटचा रकाना. तो बसतो का यात?"

बाईंनी वही ओढून घेतली. आकड्यांच्या शेजारी दोन हस्ताक्षरं होती. एक टपोरं, दुसरं मुंग्या चालल्यासारखं.

'दोन नंबरचा पंप कुरकुरतो. स्वभावच तसा, मनावर घेऊ नये.'

'स्टूल दुरुस्त केले. सकाळच्या शिफ्टने बिनधास्त बसावे.'

'खोकला वाढला आहे. दुपारच्या शिफ्टने खिडकी लावून घ्यावी.'

बाईंनी चष्मा वर सरकवला. "ही सकाळची शिफ्ट कोण?"

"आहेत एक बाई. सहा ते एक."

"तुमचा खोकला त्यांना कसा कळला?"

"लांबवर जातो हो माझा आवाज."

"मग तोंडाने बोला की! एक वाजता चाव्या देताना भेटत असालच."

"चाव्या टेबलावर ठेवून जातात. तीन वर्षांपूर्वी वाजलं आमचं. कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही. पण आधी बोलायचं कुणी?" तो वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिला. "ही गेली, तर संपलंच."

बाईंनी आजवर बारा पंपहाऊसच्या वह्या बंद केल्या होत्या, पापणीही न लववता. तेराव्याला त्या अडल्या. जरा वेळाने त्यांनी स्वतःच शेवटच्या रकान्यात लिहिलं : 'यंत्राचा भरवसा नाही. वही चालू ठेवावी.'

"पण एक अट आहे, काका. आज माघार तुम्ही घ्यायची. माझ्यासमोर."

त्याने तीनदा पेनाचं टोपण काढलं, तीनदा लावलं. कान लाल झाले. मग मुंग्या चालू लागल्या : 'चूक माझी असेल. सकाळच्या शिफ्टने बोलावे, ही विनंती.'

"शाब्बास! उद्या सकाळी सहाला वाचतील. उत्तर मला कळवायचं बरं का."

"कळवतो," तो म्हणाला आणि वही टेबलावर त्याच पानावर उघडी ठेवली.

आठला पंप बंद करून तो घरी पोचला. दार सकाळच्या शिफ्टनेच उघडलं, त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि नेहमीसारखी एक अक्षरही न बोलता दोघांची पानं वाढायला आत गेली.