लोकरीचा गळ

गळाच्या मानेवर शिशाचा गोळा बसवून त्यावर काळी लोकर गुंडाळायची, हे बाबाजीला थोरल्या भावानंच शिकवलं होतं. किडा समजून मासा लोकरीवर तोंड टाकायचा. पण होडी उलटून भाऊ धरणात बुडाला, शोधणारे रिकाम्या हातानं परतले, आणि बाबाजीनं गळाला हात लावणं सोडलं.

वहिनी मात्र अजून म्हणायची की, ते पोहून कुठंतरी निघाले असतील. आज तिनं स्वतः लोकर बांधली. “चला भावजी, असं बसून कसं चालेल?” म्हणत ती काठावर येऊन बसली.

बाबाजीनं गळ टाकला. दुपारी दोरी ताणली. मासा असता तर हिसके बसले असते. इथं नुसतं ओझं होतं. बाबाजीनं हळूहळू ओढलं, तेव्हा पाण्यावर राखाडी स्वेटरची बाही आली. बारीक दोरी तुटली असती तर भाऊ पुन्हा तळाला गेला असता. बाबाजी छातीभर पाण्यात शिरला आणि त्यानं तो स्वेटर दोन्ही मुठींत धरला.

“मोठा मासा आहे का?” वहिनीनं विचारलं.

“तुम्ही वस्तीवर जा. माणसं घेऊन या. इकडं बघू नका.”

तिनं बघितलं. तो स्वेटर तिनंच विणला होता. ती ओरडली नाही, वस्तीकडं पळालीही नाही. पदर खोचून पाण्यात उतरली आणि बाबाजीशेजारी येऊन उभी राहिली.

“भावजी, मूठ सोडा,” ती म्हणाली. “द्या माझ्याकडं.”