सात ठिपके

सुतारानं पडद्यावरच्या सातही ठिपक्यांवर बोट दाबलं आणि हात टेबलावर आपटला.

"सातही उघडे. झालं समाधान?"

खोलीत तिघंच होती. सुतार, नकाशा विभागाचे साहेब आणि नकाशाची मांडणी करणारी मुलगी. शहरातल्या कुठल्या दवाखान्यात या घडीला तातडीचे रुग्ण घेतात, ते हा नकाशा फोनवर दाखवत असे. हिरवा ठिपका म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. लोकांना तो वापरायला सोपा जावा म्हणून आज काही जणांना बोलावून चालू दवाखान्यांच्या ठिपक्यांवर बोट ठेवायला सांगत होते. बाकीचे चौघे चहा पिऊन गेले होते. सुतारानं चहाला हात लावला नव्हता. त्याला कागद हवा होता.

अकरा महिन्यांत त्यानं या कार्यालयाला एकोणीस अर्ज केले होते. प्रत्येकात एकच मागणी. त्या दुपारी तुमच्या नकाशानं बंद दवाखाना चालू दाखवला, एवढं लिहून द्या. त्या दुपारी त्याच्या बायकोच्या छातीत कळ आली होती. त्यानं नकाशा उघडला, सगळ्यात जवळचा ठिपका धरला आणि गाडी हाणली. फाटकाला कुलूप होतं. वर दुरुस्तीची पाटी होती. तिथून दुसऱ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती गेली.

"चाळीस वर्षं कपाटं केली मी," सुतार म्हणाला. "दार कुठून उघडायचं, हे एका गिऱ्हाइकाला शिकवावं लागलं नाही. आणि हे तुमचं! बोट लावलं की पळतं, उचललं की फुगतं. शेजारी माणूस मरत असताना याच्याशी कुस्ती खेळायची का?"

"तुमचा राग मी समजू शकतो," साहेब म्हणाले.

"काय समजता तुम्ही? तुम्ही संध्याकाळी घरी जाल तेव्हा तुमची बायको दार उघडेल."

साहेबांनी हातातली फाइल उघडली. "हे बघा, आमच्याकडे नोंद आहे. तो ठिपका त्या दिवशी सकाळपासून लाल होता. आणि आत्ताही सातातले चार लालच आहेत. आम्हाला खोटं पाडायला तुम्ही मुद्दाम चुकीचे दाबताय."

सुतार उठला तशी खुर्ची मागे पडली. "मुद्दाम? माझ्या बायकोच्या मरणावरून मी खोटं बोलेन? आणि वर मलाच खोटं ठरवताय?"

मुलगी पुढं झाली. तिनं खुर्ची उचलून सरळ केली.

"काका, बसा. एकच विचारते. हा ठिपका आणि हा. रंग सांगा."

"हिरवा. दोन्ही हिरवे. मी काय आंधळा आहे?"

"आणि साहेबांच्या हातातली फाइल?"

"तीही तसलीच. मळकट हिरवी."

फाइल लालभडक होती. साहेबांनी ती हळूच मिटली.

"काका," मुलगी म्हणाली, "काही जणांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. पुष्कळांना ते स्वतःलाही माहीत नसतं."

"एकसष्ट वर्षं? एकसष्ट वर्षं मला कळलं नसतं?"

सुतार खाली बसला. कपाटांचे रंग त्यानं कधी निवडलेच नव्हते. नमुन्यांची चळत बायको काखेत मारून गिऱ्हाइकाकडं जायची. त्याचे सदरेही तीच आणायची. रंगबिंग बायकांचं काम, असं तो चारचौघांत हसून सांगायचा.

मुलगी साहेबांकडं वळली. आता तिचा आवाज चढला होता. "सर, मी दोनदा लिहून दिलं होतं. नुसत्या रंगावर ठेवू नका, सोबत खूण द्या. तुम्ही म्हणालात, नकाशा बटबटीत दिसतो."

"अगं, बाकी सगळ्यांना तर दिसतंच की."

"यांना दिसलं नाही!"

तिनं भराभर कळा दाबल्या. सात ठिपक्यांवर खुणा उमटल्या. तीन बरोबरच्या, चार फुल्या. सुतार पुढं वाकला. त्याच्या घराच्या सगळ्यात जवळच्या ठिपक्यावर फुली होती. लहान पोरालाही कळली असती अशी ठसठशीत फुली.

"एवढंच करायचं होतं?" त्यानं विचारलं.

"एवढंच. पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटं!" सुतार साहेबांवर खेकसला.

मुलीनं कोरा कागद ओढला आणि चार ओळी लिहिल्या. खाली नाव घातलं, सही केली.

"असं परस्पर लिहून देता येत नाही," साहेब म्हणाले. "नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे." तिनं कागद सुतारापुढं सरकवला. "घ्या काका. चूक नकाशाची होती. तुमची नाही. तसंच लिहिलंय."

सुतारानं ओठ हलवत चारही ओळी वाचल्या. अकरा महिने जे मागत होता ते सगळं त्यात होतं. त्यानं कागदाला हात लावला नाही.

"ज्याला रंग नीट दिसतात, त्याला हे बघताक्षणी कळतं?"

"हो. लगेच."

"गाडीत फोन तिच्या मांडीवर होता," सुतार म्हणाला. "दोनदा म्हणाली, अहो, तो लाल आहे. मला वाटलं, दुखण्यानं बरळतेय. मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, गप्प बस, मला दिसतंय."