पंधरवडा

बाळारामनं उजव्या पायात बूट चढवला, नाडी बांधली, आणि डावा बूट हातात धरून तो खाटेवर तसाच बसून राहिला.

कापडी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. भाकऱ्या, पाण्याची बाटली, तोंडाला बांधायला पंचा फाडून केलेले दोन रुमाल. एक त्याच्यासाठी, एक विशाखासाठी. बायकोनं, गुणाबाईनं, पहाटेच उठून सगळं केलं होतं. आता ती स्टोव्हपाशी त्याच्याकडे पाठ करून बसली होती. बाहेर टेमघरचे कापडाचे लूम रोजच्यासारखे खडखडत होते.

आदल्या संध्याकाळी शेजारच्या सुमतीबाईंकडे त्याच्या लेकीचा, विशाखाचा, सुरतेहून फोन आला होता. ती रडली नाही. नवऱ्याला, चांगदेवला, ताप भरला, इस्पितळाची गाडी येऊन त्याला घेऊन गेली, आता कुणाला भेटू देत नाहीत, म्हणाली. प्लेगच्या भीतीनं चाळ ओस पडली होती. तिला आठवा महिना होता. शेवटी एवढंच म्हणाली, "बाबा, न्यायला या."

"वसईची यष्टी निघंल," गुणाबाई पाठमोरीच बोलली.

"रेल्वे सुरतेला थांबवीत न्हाईत म्हनतात."

"मग नवसारीला उतरा."

"आनि तिथून?"

"ट्रक बघा."

"ट्रकवाले जायाला तयार न्हाईत. नाक्यावर इचारलं मी."

"मग पाय हायेत की. का त्येबी नाक्यावर ठेवून आलात?"

त्यानं नाक्यावर विचारलं होतं, हे खरं होतं. वडप्याच्या त्या नाक्यावर एक ट्रक थांबला आणि मागून तोंडं बांधलेली सात-आठ माणसं उतरली. एका बाईच्या कडेवर पोर होतं. ती चहाच्या टपरीकडे पाणी मागायला वळली, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "सूरतवाले हैं!" बाकडं रिकामं झालं. सगळ्यांबरोबर बाळारामही उठला होता. बाईकडे बघतच तो मागं मागं सरकला होता.

सदऱ्याच्या खिशात प्लेगवरच्या गोळ्यांचं पाकीट होतं. भिवंडीत कुठंच मिळेना, म्हणून त्यानं ते रात्रीच ठाण्याहून आणलं होतं, विशाखासाठी. त्यातल्या दोन गोळ्यांची जागा रिकामी होती. सकाळी गुणाबाईनं सदरा झटकला तेव्हा पाकीट खाली पडलं. तिनं ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत खिशात ठेवलं.

पलीकडच्या अंगणातून सुमतीबाईंची हाक ऐकू आली. "काव, काव, काव." सासऱ्यांचं श्राद्ध होतं. काल फोन ठेवल्यावर त्या बाळारामला म्हणाल्या होत्या, "पितृपक्ष चाललाय हो, बाळारामभाऊ. एरवी या पंधरवड्यात लेक कुणी आणत नाही. पण वेळच अशी आलीय, तुम्ही निघाच."

रात्रभर त्याच्या मनात त्यातलं लेक न आणण्याचं वाक्यच घोळत राहिलं होतं.

"मी काय म्हनतो," तो बुटाकडे बघत म्हणाला, "पंधरवडा सरू दे. पितृपक्षात लेकीला आनू नये म्हनतात."

गुणाबाईचा हात थांबला.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली बाबासाहेबांची. दीक्षा घेतली त्या साली बाळारामच्या बापानं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून कामवारी नदीत सोडले होते. तेव्हापासून या घरात पितरांच्या नावानं भाताचं शीतही बाजूला काढलं नव्हतं. ही गोष्ट विशाखाला लहानपणी त्यानंच सांगितली होती, मोठ्या अभिमानानं.

"कोन म्हनतं?" गुणाबाईनं विचारलं.

"लोक म्हनतात."

"आनि आपुन कवापासून पाळाया लागलो?"

आता ती ओरडेल, पिशवी फेकेल, नाहीतर चपला घालून स्वतःच निघेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

तिनं स्टोव्ह बंद केला. मागच्या दारानं जाऊन परसातल्या केळीचं पान कापून आणलं, धुतलं, फडक्यानं पुसलं. पानावर भात वाढला, भातावर वरण, बाजूला गवारीची भाजी. शेजारणीकडे जन्मभर पाहिलं होतं, त्यामुळे हात कुठं अडला नाही. मग पान दोन्ही हातांवर तोलून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बरं. आजपासून पाळू," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मीठ हवं का विचारावं तसा. "पान वाढलंय. कुनाच्या नावानं ठेवू?"

भातातून वाफ निघत होती. तिचे हात भाजत असणार, पण ती हलली नाही.

बाळारामनं बूट खाली ठेवला. तिच्या हातातून पान घेतलं, मांडीवर ठेवलं आणि तो जेवायला लागला. वर न बघता, मोठमोठे घास घेत, गाडी चुकेल अशा घाईनं तो जेवला. पानावर एक शीतही उरू दिलं नाही. गुणाबाईनं पाणी दिलं. त्यानं हात धुतले, डावा बूट चढवला आणि पिशवी खांद्याला लावली.

"येतो," तो म्हणाला.

पलीकडे सुमतीबाई अजून कावळ्याला बोलावत होत्या.

गल्लीच्या वळणावर त्यानं मागं वळून पाहिलं. गुणाबाई दारातच उभी होती. रिकामं पान तिच्या हातात होतं. ते तिनं अजून टाकलं नव्हतं.