सुटलेलं ठिगळ

परीक्षकांनी बॅगेची चेन उघडली आणि लोखंडी नळीचा एक गंजका तुकडा टेबलावर ठेवला. नळीवर ठिगळ होतं. चांगलं घट्ट बसलेलं. परीक्षा देणारी ती ते पाहून खुर्चीत पुढे सरकली.

पीएचडीची तोंडी परीक्षा निम्म्यावर आली होती. गरम पाण्याच्या नळीला भेग पडली, की इपॉक्सीच्या गोंदात भिजवलेल्या कापडाचं ठिगळ डकवायचं, ही जुनी युक्ती. ती टिकाऊ करून दाखवायचा विडा तिने उचलला होता. ठिगळं डकवली, नळ्यांतून उकळतं पाणी खेळवलं आणि ठिगळं एकामागून एक सुटत गेली. आई फोनवर ‘जेवलीस का’च्या आधी ‘चिकटलं का गं?’ विचारायची. भाऊ तर तिला ठिगळेबाईच म्हणू लागला होता. शेवटी तिने हट्ट सोडला आणि प्रबंधाचं तोंडच फिरवलं: गरम नळीवर हे ठिगळ टिकणारच नाही, आणि का टिकणार नाही, तेही दाखवून दिलं. मार्गदर्शक बाईंनी मान डोलावली, पण बजावलंही, "एक जरी टिकलेलं निघालं ना, तर मुसळ केरात."

आणि परीक्षक म्हणून आले ते नेमके हे. विद्यार्थी त्यांना पाठीमागे करवत म्हणत. हिला कापायला ते हत्यारही घरूनच घेऊन आले होते.

"ही नळी गरम पाण्यावर चाललेली आहे," ते म्हणाले. "ठिगळ जागेवर आहे. बोला आता."

तिचा हात आपसूक पुढे गेला. ठिगळं डकवणाऱ्यांना एक खोड लागते. कड दिसली की नख लावून बघायचं. तिने नख लावलं. वरून मारलेला रंग तडकला आणि ठिगळ पापुद्र्यासारखं हातात आलं. रंगानेच काय ते धरून ठेवलं होतं. खाली तोच पांढुरका थर होता, तिच्या रोजच्या ओळखीचा.

तिच्या जिवात जीव आला. "सर, हे केव्हाच सुटलंय. भेगेच्या कडेने वाफ आत शिरली."

"लावणाऱ्याने नळी नीट घासली नसेल. हात कच्चा असेल."

तिने तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. "नाही हो सर. जीव ओतून घासलीय, माझ्यापेक्षा छान. हे कुणीही लावलं असतं तरी सुटलंच असतं."

"नक्की?"

"प्रबंधात दुसरं काय लिहिलंय मी?"

परीक्षक खुर्चीत मागे रेलले. चष्मा काढून त्यांनी उगाचच पुसला. प्रश्न संपल्याची खूण बाईंना केली, उठले आणि तिच्यापुढे हात केला.

"अभिनंदन, डॉक्टर," ते म्हणाले. "या ठिगळापायी मी माझा पहिला प्रबंध अर्ध्यावर सोडला होता. आजवर समजत होतो, माझ्या हातालाच यश नाही."